ओढणारा आणि पळणारा

ओसरीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यांवर मोटारसायकलीच्या इंजिनाचे सुटे भाग मांडून ठेवले होते, त्याला दीड महिना होऊन गेला होता. वनमाला रोज सकाळी केर काढी, तेव्हा केरसुणी त्या कागदांना वळसा घालून जाई. कागद हलवायचे नाहीत, असं अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नट, वायसर, झडपांच्या दांड्या, बाजूचं झाकण, सगळं ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं होतं. आणि सगळ्यांच्या शेवटी, एका धुतलेल्या फडक्यावर, दोन कॅमशाफ्ट शेजारी शेजारी.

भूमच्या वाचनालयातल्या कादंबऱ्या तिच्या वाचून झाल्या होत्या. मग ती दुपारी ओसरीवर बसून इंजिनाखालची वर्तमानपत्रं वाची. मागच्या हिवाळ्यातली, चीनच्या लढाईची. बातमी ऐन रंगात आली की मध्ये एखादं चाक आडवं येई. ते उचलून पुढचं वाचायची सोय नव्हती. माघार घेणाऱ्या पलटणीचं पुढं काय झालं, ते एका नटाखाली होतं आणि दीड महिना तिथंच होतं.

अण्णा म्हणजे तिचे वडील, दत्तोपंत. भूम तालुक्यात देवी टोचायचं काम त्यांच्याकडं होतं, म्हणून गावोगाव त्यांना देवीडॉक्टर म्हणत. पोलीस ॲक्शननंतर सोलापूरला लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही मोटारसायकल घेतली आणि तिला शेजारी एक डबा जोडून घेतला. डब्यात लशीची पेटी, बिछाना, स्टोव्ह आणि एक शिपाई. तेरा वर्षं त्यांनी त्या गाडीवर दौरे केले. आता गाडी न्हाणीघराच्या भिंतीला टेकून पोट उघडं टाकून उभी होती, डबा मागच्या अंगणात पालथा पडला होता आणि अण्णा आजारीपणाच्या रजेवर होते. आजार कुठला, ते रजेच्या अर्जात त्यांनी स्पष्ट लिहिलं नव्हतं.

रोज आंघोळ करून ते ओसरीवर येत, मांडी घालून बसत आणि एकेक कॅमशाफ्ट हातात घेत. चार बोटं लांबीचा दांडा, त्याला एक दातेरी चाक आणि अंगावर दोन फुगवटे, अंडी ओवल्यासारखे. त्या फुगवट्यांवरून ते अंगठा फिरवत राहत. मग पहिला खाली, दुसरा हातात. मग दुसराही खाली. तोवर जेवणाची वेळ होई.

"इंजिनाला दोन दारं असतात," त्यांनी एकदा तिला समजावून सांगितलं होतं. "एकातून श्वास आत, दुसऱ्यातून बाहेर. हे पोट फिरतं आणि दार उचलतं. दार किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, ते ह्या पोटाच्या आकारावर. हा बघ, बसका. दार लवकर मिटतो. गाडी पळायची नाही, पण सावकाश चालतानाही ओझं ओढील. चढाला घाला, वाळूत घाला, कुरकुरत का होईना, निघेल. आणि हा दुसरा, उंच पोटाचा. दार उशिरापर्यंत उघडं ठेवतो. एकदा वेग आला की गाडी वाऱ्यासारखी. पण हळू चालवली, की धाप लागते आणि मरते."

मूळचा कॅमशाफ्ट झिजून गेला, तेव्हा ईरण्णा मिस्त्रीनं हे दोन शोधून आणले होते. एक लष्कराच्या डबा लावलेल्या गाडीचा, दुसरा सिकंदराबादच्या कुणा मेजरच्या शर्यतीच्या गाडीचा. गॅरेजच्या भाषेत त्यांना ओढणारा आणि पळणारा अशी साधी नावं होती.

ह्या दोघांतला एक निवडल्याशिवाय इंजिनावर झाकण बसणार नव्हतं. झाकण बसल्याशिवाय अण्णा दौऱ्यावर जाणार नव्हते. आणि अण्णा दौऱ्यावर गेल्याशिवाय वनमालाला ह्या घरातून पाय काढता येणार नव्हता. ती सोलापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होती. फाल्गुनात आई गेल्याची तार आली तेव्हा आली, परीक्षा बुडवल्या, मग सुट्टी लागली म्हणून राहिली. आता मुख्याध्यापिकाबाईंचं कार्ड आलं होतं. शाळा तेरा जूनला उघडते. येणार की नाही ते सात तारखेपर्यंत कळवावं, नाहीतर जागा भरावी लागेल. आज तीन तारीख होती.

"ताई, ह्ये लोखंडाचं बाळंतपण कवर चालायचं?" भांडी घासायला येणाऱ्या गजराबाईनं ओसरीकडं मान उडवून विचारलं. "दीड म्हैना झाला. मानसाचं असतं तर बारशाच्या घुगऱ्याबी खाऊन झाल्या असत्या."

"अण्णांनाच विचारा."

"म्या इचारू? मला म्हनतील, गजरे, तुजी भांडी बघ." तिनं राखेचा हात कढईवरून फिरवला. आवाज खाली आणला. "ईटला दोन पोरांना देवी निघाल्यात. माजी भैन तिथंच दिलीया. डाक्टर कवा येतुय म्हनून तिचा निरोप आलाय. आन तुमी? साळंत जानार का ऱ्हानार?"

"बघू."

"त्यात काय बघायचं? बापय मानूस एकला. मीठ कंच्या डब्यात ऱ्हातंय ते तरी ठावं हाय का त्येस्नी? लेक हाय म्हून चूल पेटतीया."

बत्तीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुलीला असं कुणीही सांगू शकतं आणि सांगणाऱ्याला ते वाईट वाटत नाही, हे वनमालाला पाठ झालं होतं. जूनचं ऊन माळवदातून खाली उतरत होतं. घरात एकच खिडकी आणि तिच्यासमोर शेजाऱ्यांची भिंत.

दुपारी जेवताना तिनं विषय काढला. "ईटला देवी निघाल्या आहेत, अण्णा."

"माहीत आहे. ऑफिसचा शिपाई येऊन गेला."

"एसटीनं जाता येईल."

"ईटपर्यंत येईल. पुढच्या वस्त्यांना काय पंख लावून जाऊ?"

"मग आज ठरवून टाका."

त्यांनी भात कालवायचं थांबवलं. "ठरलंय तसं. ओढणाराच घालतो. डबा पुन्हा जोडतो." मग उठून हात धुतले आणि कोनाड्यातून एक कागद आणून तिच्यापुढं ठेवला. तो अर्ज होता, त्यांच्या गोल, एकसारख्या अक्षरात. तालुक्यात स्त्रियांना लस टोचण्यासाठी स्त्री उमेदवार नाही, अर्जदार कु. वनमाला दत्तोपंत, वय बत्तीस, शिक्षण अमुक, वडिलांच्या देखरेखीखाली काम शिकण्यास तयार आहे. सही करायच्या जागी त्यांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारली होती.

"बाया माझ्यासमोर दंड उघडा करत नाहीत," अण्णा म्हणाले. "अर्ध्या बाया टोचायच्या राहतात. शिपाई तर बदलून गेला. तू डब्यात बसशील, पेटी मांडीवर घेशील. तुझं माझं दोघांचं भागेल. शाळेत तरी काय? तीच बाराखडी."

त्यात खोटं काही नव्हतं. बाया खरंच राहत होत्या, पेटी खरंच कुणीतरी धरायला हवी होती. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"विचार करते," ती म्हणाली.

"कर की. मीही करतोच आहे."

त्या डब्यात तिची आई शेवटची बसली होती. शिमग्याच्या आधी आठ दिवस शारदाबाईंच्या पोटात कळ उठली आणि थांबेना. अण्णांनी काढून ठेवलेला डबा गाडीला जोडला, त्यांना उशा लावून त्यात बसवलं आणि बार्शीच्या रस्त्याला लागले. वाटेत एक नाला होता, पाणी नाही, नुसती वाळू. वाळूत गाडी हळूच न्यावी लागते. इंजिनात पळणारा होता. वेग कमी झाला आणि इंजिन मेलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा चाक अर्धं बुडालं. मग शेतातून बैल आणून गाडी ओढून काढेपर्यंत दीड तास गेला. बार्शीला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात. पण अण्णांनी ते वाक्य घरी आणलं, आणि ते त्या दिवसापासून घरातच होतं.

पळणारा इंजिनात गेला कसा, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. मागच्या वर्षीच्या चैत्रात सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेला अण्णांची ड्यूटी लागली होती. जाताना ते ईरण्णाला सांगून गेले, ओढणारा बसव. परत येऊन बघतात तर पळणारा बसलेला. ईरण्णानं ऐकलं नाही. अण्णा एक दिवस चिडले आणि मग गाडी पळते कशी ते बघून, राहू दे म्हणाले. आई गेल्यापासून मात्र त्यांनी ईरण्णाचं नाव घेतलं नव्हतं. इंजिन स्वतःच्या हातानं उघडलं होतं. उघडणं त्यांना जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा झोपल्यावर वनमाला डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली. एसटी स्टँडच्या मागं पत्र्याच्या छपरात ईरण्णाचं गॅरेज होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात कानस. तिला पाहून तो अर्धा उठला.

"या अक्का. बसा म्हणावं तर ह्या टायरबिगर काय न्हाय."

ती टायरवर बसली. "ईरण्णा, अण्णांनी ओढणारा बसवायला सांगितला होता ना?"

"हौ."

"मग?"

"चुकलं. मानूस चुकतंय."

"तुम्ही? गाव म्हणतं, ईरण्णा नुसता आवाज ऐकून नटाचं माप सांगतो."

"गाव काय, गावाला तोंड हाय." तो पुन्हा कानस चालवायला लागला. वनमाला गप्प बसून राहिली. वर्गात कुणी खरं सांगत नसेल, तर ती अशीच बसायची. ओरडणाऱ्या बाईपेक्षा गप्प बाई मुलांना जड जाते. ईरण्णाची कानस हळूहळू मंद झाली आणि थांबली.

"आमच्या उस्तादचा एक नियम होता, अक्का. म्या हैदराबादेत फौजेच्या वर्कशॉपात शिकलो. उस्ताद मुसलमान, पर नियम सगळ्यांना एकच. नवं लोखंड इंजिनात जायच्या आधी त्याला घरच्या बाईचा हात लागला पाहिजे. तुमच्यात हळदीकुंकू. मग पुसायचं, तेल लावायचं, बसवायचं. उस्ताद म्हनायचा, गाडीवर मर्द बसतोय, पर वाट औरत बघती. तिला इचारल्याबिगर इंजिन झाकू नको."

"आणि?"

"आन काय. दोन्ही घेऊन तुमच्या घरी गेलो. वैनीम्होरं ठेवले. ह्याला कुंकू लावा म्हनालो. तर वैनी म्हनाल्या, दोघांत फरक काय ते सांग. सांगितला. वैनी म्हनाल्या, ह्यांना दिवेलागणीला घरी कुठला आणील? म्या म्हनालो, पळणारा आणील. पर डबा लावला की त्यो उपेगाचा न्हाय." ईरण्णानं कानस खाली ठेवली. "तर हसल्या. म्हनाल्या, मला कुठं जायचंय डब्यात बसून? आन त्याच्यावरच बोट टेकवलं. आता कुंकू लागलेला बाजूला ठेवून दुसरा बसवायचा, हे मला न्हाय झालं. हात लागला म्हंजी लागला."

छपराच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याची नखं आतून ऐकू येत होती. वनमालानं पाणी मागितलं. ईरण्णानं माठातला तांब्या आणून दिला, तो तिनं सगळा प्यायला.

"अण्णांना का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? वैनीनं आपल्या हातानं निवडला म्हनून? मेलेल्या बाईचं नाव घेऊन म्या सुटायचं व्हय?" तो तांब्या पालथा घालत म्हणाला. "दोष माझ्यावर हाय तर असू दे. माझी पाठ रुंद हाय."

"उद्या सकाळी घरी या. हत्यारं घेऊन."

"डाक्टरसाब उंबऱ्यात घेतील?"

"मी आहे ना."

परत येताना तिला आईची पत्रं आठवली. शेवटच्या वर्षातली. प्रत्येक पत्रात कुठंतरी एक वाक्य असे: आज हे लवकर आले. काल दिवा लावला आणि हे आले. ती पत्रं ती शाळेच्या मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या वाची आणि तिला वाटे, आईला लिहायला दुसरं काही सुचत नाही. त्याआधीच्या बारा वर्षांत अण्णा एका फेरीला तीन तीन रात्री बाहेर असत. त्या रात्रींबद्दल आईनं कधी एक ओळ लिहिली नव्हती.

ईरण्णा सकाळी आला आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. अण्णा ओसरीवर बसलेच होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"ह्याला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं," वनमाला म्हणाली. रात्रभर तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही जागेवर सापडेना. "अण्णा, ईरण्णांची चूक नव्हती. पळणारा आईनं—"

"ठाऊक आहे मला."

ईरण्णाच्या हातातली पिशवी खळकन वाजली.

"तो बसवल्यावर आठव्या दिवशी तिनंच सांगितलं," अण्णा कागदांकडं बघत म्हणाले. "हसत हसत. मी म्हणालो, अगं, कधी बार्शीला जायची वेळ आली तर? तर म्हणाली, तेव्हाचं तेव्हा. मी म्हणालो, बरं. एवढंच म्हणालो. बदलायला काय लागत होतं, अर्धा दिवस. पण मलाही गाडी पळवायला आवडायला लागलं होतं."

"मग तीन म्हैने माझ्याकडनं तोंड का फिरवलं, डाक्टरसाब?"

"कुणाकडून तरी फिरवायला हवं होतं, ईरण्णा. तिच्याकडून कसं फिरवू?"

मग ईरण्णा आत आला, मांडी घालून बसला आणि सुटे भाग डोळ्यांनी मोजू लागला. "झाकणाचा कागदी वायसर कुठंय?"

"तो फाटला. नवा कापून घ्यावा लागेल."

"जाड कागद हाय का?"

असं ते सुरू झालं. वनमालानं चहा टाकला. दोघं जुन्या कज्ज्यात समेट झालेल्या भाऊबंदांसारखे, एकमेकांकडं न बघता, पण एकाच वस्तूकडं बघत बोलत होते. रॉकेलनं सगळं धुऊन झालं. मग ईरण्णानं दोन्ही कॅमशाफ्ट पुसून फडक्यावर ठेवले आणि विचारलं, "आता कुठला?"

"ओढणारा." अण्णांनी तो बोटानं पुढं सरकवला. "डबाही आजच जोडून टाक. वनू येणार आहे बरोबर. अर्ज तयार आहे."

ईरण्णानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, कुंकवाचा करंडा आणा."

देवघरातून करंडा आणायला दहा पावलं लागत. ती दहा पावलं वनमाला फार सावकाश चालली. ओढणाऱ्याला ओझं लागतं. ओझं नसेल तर तो कशाला हवा? आणि ह्या घरात डब्यात घालायला आता एकच माणूस उरलं होतं. अण्णा लबाडी करत नव्हते. ते नाल्यातला तो दिवस दुरुस्त करत होते. आईला ज्यानं पार नेलं असतं तो दांडा इंजिनात, आणि आईच्या जागी ती. रोज. ईट, परांडा, सोनारी, पुन्हा ईट. मांडीवर पेटी. प्रत्येक वेळी नाल्यातून गाडी सुखरूप निघाली की अण्णांना जरा बरं वाटणार, आणि ते बरं वाटणं कधीच पुरं पडणार नाही.

ती खाली बसली. बोट कुंकवात बुडवलं आणि उंच पोटाच्या कॅमशाफ्टवर टेकवलं.

"वनू, तो नाही."

"हाच, अण्णा."

"अगं, त्यानंच तुझी आई—"

"डबा जोडला नाही तर त्याच्यात वाईट काही नाही. तुम्ही एकटे जा. पेटी मागं बांधा. दिवेलागणीला घरी या. आईनं एवढ्याचसाठी तो निवडला होता."

हे बोलताना आपण आईला हत्यारासारखं वापरतो आहोत, हे तिला कळत होतं. आई हयात असती तर ती असं बोलली नसती. तरी तिनं वाक्य पुरं केलं.

"आणि तू?"

"मी शाळेत जाते. सोमवारच्या गाडीनं."

अण्णांनी ईरण्णाकडं पाहिलं. त्यानं नुसतं फडकं हातात घेतलं आणि वाट बघत राहिला. "हात लागलाय, डाक्टरसाब," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्या काय करू, तुमीच सांगा."

बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली. तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू येत राहिला. अण्णांनी ओढणारा उचलला, अंगठा एकदा त्याच्या पोटावरून फिरवला आणि तो मागं, भिंतीशी ठेवला.

"पूस मग," ते म्हणाले. "तेल लाव."

संध्याकाळी गाडी चालू झाली. उभ्या जागी तिला स्थिर राहता येत नव्हतं, मूठ पिळत राहावी लागे, नाहीतर धाप लागल्यासारखा आवाज करून ती बंद पडे. ईरण्णानं सायकलची जुनी ट्यूब कापून पेटी मागच्या बाजूला अशी बांधून दिली, की हलणार नाही. डबा त्यानं आपल्या छपराखाली नेला. वनमालानं कागद गोळा केले. पलटणीची बातमी आता वाचता आली असती. कागद तेलानं इतके भिजले होते की अक्षर लागेना. तिनं त्यांचा बोळा चुलीत घातला आणि मग मुख्याध्यापिकाबाईंना कार्ड लिहिलं. एका ओळीचं.

अण्णा दुसऱ्या दिवशी ईटला गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. सत्तेचाळीस जणांना टोचलं. "बायका तेरा," ते जेवताना म्हणाले. "बाकीच्या आतून बाहेरच आल्या नाहीत. तू असतीस तर शंभर झाल्या असत्या." तिनं त्यांना भाकरी वाढली. टोचायच्या राहिलेल्या त्या बायका आता मनात तिच्याबरोबर सोलापूरला येणार होत्या.

मग अण्णा म्हणाले, "सोमवारऐवजी पुढच्या गुरुवारी गेलीस तर? ईटचा दुसरा फेरा होईल तोवर."

गुरुवार कसा असतो, ते तिला माहीत होतं. गुरुवारनंतर अमावास्या येते आणि अमावास्येनंतर आणखी काही. "सोमवारीच, अण्णा."

त्यांनी ताटातला घास संपवला. "मग कुलूप लागेल," ते म्हणाले.

घराला कुलूप नव्हतं. वीस वर्षांत ह्या दाराला बाहेरून कडी लागलीच नव्हती. अण्णा दौऱ्यावर असले तरी आत आई असायची. रविवारी त्यांनी बाजारातून कुलूप आणलं, पितळेचं, दोन किल्ल्यांचं. लावायला गेले तर कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. दार कधीतरी खाली बसलं होतं आणि कुणाला कळलंच नव्हतं. अण्णांनी कानस आणली. वनमालानं दोन्ही हातांनी दार वर उचलून धरलं आणि ते उंबऱ्यावर उकिडवे बसून कोयंडा घासत राहिले. लोखंडाची बारीक पूड पायरीवर पडत होती. गजराबाई भांड्यांची पाटी कमरेवर घेऊन बघत उभी राहिली.

"दाराचंबी इंजान झालं म्हनायचं," ती म्हणाली.

तासाभरानं कडी बसली. अण्णांनी कुलूप घातलं, किल्ली फिरवली, ओढून पाहिलं. लागलं. दोघंही बाहेर, उन्हात उभे होते. बंद दाराकडं अण्णांनी थोडा वेळ नवख्या माणसासारखं पाहिलं, मग दोरीतून एक किल्ली सोडवली आणि तिच्यापुढं धरली.

"ही तू ठेव. कधीही आलीस तर."

किल्ली उन्हानं तापली होती. वनमालानं ती घेतली, क्षणभर मुठीत धरली आणि गजराबाईच्या हातात दिली.

"तुमच्याकडं असू द्या," ती म्हणाली. "अण्णांना यायला कधी उशीर झाला तर चूल तेवढी पेटवून ठेवा."

अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं की नाही, ते तिला कळलं नाही. त्यांनी आपली किल्ली पुन्हा कुलपात घातली, दार उघडलं, आणि ती आत ट्रंक भरायला गेली.